मागच्या खोलीतली चटई

आई, आज घरात टँकरच्या पाण्याने भरलेला ड्रम आहे, कामावर रजा टाकली आहे, स्वयंपाकघरात कुणीतरी दुसरंच माणूस कुकर लावतं आहे, आणि तरी माझं मन एका जागी ठरत नाही. मागच्या खोलीत चटईवर बसून तुला लिहिते आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आधी तुझा खोकला आठवावा लागतो, मग त्यामागून तुझा आवाज येतो. तुला हसू येईल, पण मी बाजूला बसले आहे. ‘असलं काही मी पाळणार नाही’ म्हणून कॉलेजात असताना जिने घर डोक्यावर घेतलं होतं, ती तुझी लेक.

वर्षभर झालं, पाळीचा काही नेमच उरलेला नाही. कधी दोन महिने गप्प, आणि मग आली की आठवडा आठवडा थांबत नाही. गाठीच्या गाठी पडतात. वाळूजला कंपनीत हिशेबाचं काम करते मी. कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर प्लॅस्टिक आणि त्यावर टॉवेल टाकून बसते, मीटिंगमधून सगळ्यांत शेवटी उठते आणि उठताना मागे वळून खुर्ची बघते. काळ्या आणि गडद रंगाचे ड्रेस तेवढे उरलेत माझ्याकडे. तुझंही असंच चालायचं त्या वर्षांत तू सदा न कदा तीच जांभळी लुगडी का नेसायचीस, म्हणून मी तुला चिडवायचे. आता माझी मुलगी मला चिडवते. बहुतेक बायका म्हणतात, वयच आहे, जाईल. शेजारीण म्हणते, पिशवी काढून टाक आणि मोकळी हो, जणू माळ्यावरचं अडगळीचं गाठोडं खाली काढायचं आहे. डॉक्टरीणबाई शांत आहेत. त्यांनी रक्त तपासलं, फार कमी निघालं. सोनोग्राफी झाली. पिशवीचं नंतर बघू, आधी आतला तुकडा तपासायला पाठवू, असं त्या तीन महिन्यांपूर्वी म्हणाल्या. मी हो म्हटलं, आणि गेलेच नाही. कधी ऑडिट होतं, कधी पाण्याचा दिवस होता. खरं म्हणजे मला भीती वाटते. त्या तुकड्यात काय निघेल याची भीती वाटते, आणि घरात ते तोंडाने सांगायचीही.

तुझा चेहरा त्या दुष्काळाच्या वर्षांतला आठवतो, कारण तेव्हाच तो पांढरा पडायला लागला. पिशोर सोडून आपण शहरात आलो होतो, बाबा तहसीलमध्ये कारकून, दोन भाड्याच्या खोल्या, मागे धान्याची पोती ठेवायची अंधारी खोली, आणि घरावर आत्याचं राज्य. नळ कोरडे पडलेले. गल्लीच्या तोंडाशी टँकर आला की सगळी आळी धावते. तू बाजूला असलीस की मी धावते. मागच्या खोलीत चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. मी उंबऱ्यावरून वाकून तुझ्या तांब्यात वरून पाणी ओतते आणि तू ओंजळ पुढे करावी तसा तांब्या पुढे करतेस. मला ते बघवायचं नाही. ती चाल मला आजही आवडत नाही, आणि तुलाही आवडत होती असं मी म्हणत नाही. पाण्याच्या एका बादलीत तुला कपडे भिजवायचे, धुवायचे, आणि जुन्या साडीखाली कुणाला दिसणार नाहीत असे वाळत घालायचे. चार दिवसांनी न्हाऊन घरात यायचा नियम, पण तुझं चार दिवसांत कधी थांबायचंच नाही. सहा, सात, आठ. आत्या भाकरी थापता थापता बडबडायची, बाबा मुकाट्याने पिठलं हलवायचे.

एका दुपारी मी तुझी बादली घेऊन मागच्या दारी आले. तू चटईवर कुशीवर पडली होतीस, माझं भूगोलाचं पुस्तक उशाशी. तू बादलीकडे बघितलंस आणि म्हणालीस, मी शिवले नाही अजून, परत ने, भांड्यांना घे. मला आधी कळेना. पाण्यासाठी भांडणं होण्याचे ते दिवस, आणि तू पाणी परत करतेस? मग लक्षात आलं, दोरीवरही कालपासून काही नव्हतं. मी हळूच विचारलं, थांबलं का गं?

“गप की,” तू म्हणालीस. “आत्याला सांगू नको. दोन दिवस पडू दे मला.”

आणि तू हसलीस, आई. शाळा बुडवलेल्या पोरीसारखी. मी ती बादली स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि कुणाला काही बोलले नाही. पुढे दर खेपेला तू एक-दोन दिवस असे चोरायला लागलीस. तुझ्या पाळीचा भरवसाच नसल्याने आत्याला हिशेब लागायचा नाही. तिच्याच नियमातून तू रजा काढत होतीस, आणि तिला सोवळं मोडल्याची शंका यायची ती माझी, तुझी नाही.

पुढे मी कॉलेजात गेले आणि एका सकाळी जाहीर केलं की मी बाजूला बसणार नाही, बसायला मी काही अस्पृश्य नाही. आत्या रडली, बाबा पेपरमागे गेले. मला वाटलं, तू तरी माझ्या बाजूने उभी राहशील. तू तांदूळ निवडत होतीस, मान वर न करता म्हणालीस,

“नको बसू. पण मग दमलीस तर कुणाला सांगशील?”

मला लई राग आला होता. हा काय प्रश्न झाला, असं वाटलं. दमले तर दमले म्हणेन, तोंड आहे मला! पण बघ, लग्न झालं, नोकरी लागली, शहराच्या कडेला सातारा परिसरात स्वतःचं घर झालं, आणि एवढ्या वर्षांत हे एक वाक्य मी कुणालाही म्हटलेलं नाही. तुझा रक्तस्राव पुढे आपोआप थांबला, तुला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही, आणि काही वर्षांनी तू हृदयाने गेलीस. त्या दोन गोष्टींचा संबंध होता का, मला माहीत नाही. अंगात रक्त फार काळ कमी राहिलं की हृदयावरही ताण येतो, असं डॉक्टरीणबाई बोलून गेल्या, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

यंदाही पाऊस दडी मारून बसला आहे. शहर डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलं, आमच्याकडे नळ आले नाहीत, टँकरच येतो. परवा सकाळी बादल्या ओतताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पायरीवर बसले. दोन्ही बादल्या कलंडल्या. शेजारीण धावत आली आणि आधी पाण्याकडे बघून हळहळली, मग माझ्याकडे. तिचा राग नाही, मीही तेच केलं असतं. मी उठून आत आले, कपाटामागची चटई काढली, मागच्या खोलीत अंथरली आणि नवऱ्याला सांगितलं की मी बाजूला बसले आहे.

तो गोंधळला. म्हणाला, म्हणजे देवाला शिवायचं नाही का? मी म्हटलं, देवाचा काही संबंध नाही. मुलगी पुण्याहून फोनवर भडकली, आई, तू हे असलं करतेस? मला दोघांना समजावून सांगायचा कंटाळा आला, आणि तुझा प्रश्न मध्येच उभा राहिला.

“मी दमले आहे,” मी म्हटलं. “मला उठायचं नाही. आणि तो तुकडा तपासायचा आहे, मला एकटीला जायची भीती वाटते.”

नवरा उंबऱ्यावर उभा होता, तो आत आला आणि माझ्या शेजारी चटईवर बसला. सोमवारची वेळ त्यानेच घेतली आहे, सोबत येणार आहे. मुलगीही येते म्हणते. भीती गेलेली नाही, आई. दिवसातून दहा वेळा उठते, बसते, खिडकीपाशी जाते, परत येते.

मघाशी त्याने चादर भिजवावी लागली तर म्हणून न्हाणीत बादली भरून ठेवली. गार पाण्यातच भिजवायची ना, असं विचारूनही गेला. ती बादली अजून भरलेलीच आहे. काल संध्याकाळपासून थांबलंय. घरात मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.