बेंबी कुठे आहे?

२४ मे
गावच्या नेमबाजी मेळाव्याला आठवडा उरला. या वर्षी बिल्ला नक्की.
क्लबात नेमबाजी शिकवणाऱ्या त्रूदीचं तेच तुणतुणं. पालथं पड, नेम धर, डोळे मिट, श्वास सोड, डोळे उघड. बंदूक भलतीकडे वळली असेल तर हाताने ढकलायची नाही. बेंबी जागेवर ठेवून अख्खं अंग फिरवायचं. सगळ्यांसमोर ओरडते, "रेतो, बेंबी कुठे आहे?"
माझ्या हातात जोर आहे. अंग कशाला हलवू?

३१ मे
मेळावा. शेवटची फेरी, मिनिटात सहा गोळ्या. माझ्या सहा सुटल्या, गुण दाखवणाऱ्या पडद्यावर पाचच. यंत्र बिघडलंय.
डावीकडच्या जागेवर क्लबातला म्हातारा बेर्टी. त्याच्या पडद्यावर मध्येच एका गुणाची गोळी उमटली. पहिल्या सहाच मोजतात, त्यामुळे त्याची शेवटची, चार गुणांची, गेली. दोन गुणांनी त्याचा बिल्ला हुकला.

संध्याकाळी
सॉसेज ताटातच राहिलं. हात थकून बंदूक डावीकडे सरकली असेलही. वारा होता. उद्या बेर्टीला सांगतो.

१ जून
रविवारी कुणाच्या घरी जाऊ नये.

३ जून
बेर्टी म्हणतोय, डोळे गेले, बंदूक विकणार. बायको म्हणाली, "बिचारा. आणि तू बटाट्याची रोश्टी टाकून कुठे चाललास?" पोट बिघडलंय म्हटलं.

५ जून
बेर्टीच्या दारात चीज ठेवून पळालो. मन हलकं झालं. अर्ध्या किलोने.

७ जून
गेलो. सगळं ओकलो. बेर्टी कॉफी ओतत म्हणाला, "अरे गाढवा, तुझी एक कमी, माझी एक जास्त. क्लबात सगळ्यांना मोजता येतं."
मग बंदूक?
"विकतोय कोण? तशी आवई उठवली नसती तर तू नाताळापर्यंत फिरकला नसतास. चीज बरं होतं."
त्याच्या बिल्ल्याचं विचारलं. तिथल्या तिथे हात वर केला असतास तर मिळाला असता, म्हणाला. आता निकालाची यादी वरच्या कचेरीत गेली. "पुढच्या वर्षी बघू. असलो तर."
कॉफी संपवली.
मग त्याने मला स्वयंपाकघरातच पालथं पाडलं. हातात झाडूचा दांडा. नेम भिंतीवरच्या कॅलेंडरवर. डोळे मिटले, श्वास सोडला, डोळे उघडले.
दांडा कॅलेंडरच्या डावीकडे. बेर्टीच्या लग्नाच्या फोटोवर. बरोबर त्याच्या कपाळावर.
"बेंबी कुठे आहे?" बेर्टी म्हणाला.
त्याच्या फरशीला उतार असावा.