शुक्रवारची कॅसेट

चिमूर, ता. ४ ऑक्टोबर १९९९

प्रिय नाहीदआपास, मुबीनचा सलाम, वि. वि.

इकडे सारे खुशाल. सायमाचा गालगुच्चा घे. नागपूरच्या एका कंपनीने वरोऱ्यापासून गावोगावचं केबल घेतलं, तुमचं चंद्रपूरचंही. आता मी चालवतो ते आपलं चिमूरचं केबलही मागताहेत. मी नाहीच म्हणणार होतो. पण त्यांचा माणूस म्हणाला, अब्बा शुक्रवारी आपल्या चॅनेलवर गावच्या खबरा वाचतात त्याची कॅसेट ते एसटीने मागवून शनिवारी चंद्रपूरला लावतील. तू अल्ताफभाईंशी लग्न केलंस म्हणून अब्बांनी धरलेल्या अबोल्याला सात वर्षं झाली. टीव्हीवर तरी बघशील त्यांना.

माया आहे ती कमी होऊ देऊ नको.
तुझा मुबीन

चंद्रपूर, ता. ११ ऑक्टोबर

चि. मुबीन यास नाहीदची दुआ, वि. वि.

सही करू नकोस. वकीलसाहेबांकडे मी दिवसभर हेच टाइप करते. सगळीकडे एकच मालक झाला की लोकांनी काय बघायचं तेही तोच ठरवतो. दिल्लीच्या मक्तेदारी आयोगाकडे तक्रार करता येते, मसुदा सोबत जोडला आहे. करारात कॅसेटचा शब्द तरी आहे का ते बघ, शहाण्या!

आणि खरं सांगू? तुझं पत्र आल्यापासून टीव्हीची काच मी रोज पुसते आहे. अब्बा फार थकले का रे?

आठवण ठेव.
तुझी आपा

चिमूर, ता. २५ ऑक्टोबर

प्रिय आपास, सलाम.

तुझा मसुदा आला, पण सही आधीच झाली होती. अब्बांनीच करायला लावली. तू बघणार म्हटल्यावर पंधरा तारखेला नवी टोपी घालून बसले. हरवलेली म्हैस, नवरगावचं नाटक, सगळं वाचून झालं आणि कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले की नाहीद, तुले पाहून सात वर्स झाले, माह्यंच चुकलं, पोरीले घेऊन घरी ये. सारं गाव रडलं.

शनिवारी पाहिलंस ना? मग पत्र काऊन नाई? अब्बा रोज एसटी स्टँडवर जाऊन बसतात. कंपनीने आजपासून आपलं चॅनेलही बंद केलं.

उत्तराची वाट बघतो.
मुबीन

चंद्रपूर, ता. २८ ऑक्टोबर

चि. मुबीन यास दुआ.

त्या शनिवारी मी, अल्ताफ आणि सायमा संध्याकाळभर टीव्हीसमोर होतो. साड्यांच्या सेलची जाहिरात चालू होती. वाटलं, मी बघणार म्हणून अब्बांनीच कॅसेट अडवली. म्हणून लिहिलं नाही. काल तुझं पत्र वाचून कंपनीच्या कंट्रोल रूमला गेले. कॅसेट मिळाली, वर तुझ्या अक्षरात अब्बांचं नाव होतं. आतलं अब्बांचं बोलणं पुसून त्यांनी त्यावर ती सेलची जाहिरात भरली होती.

तक्रार आज माझ्या नावाने दिल्लीला पाठवली. निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर मला थांबवत नाही. रविवारी सायमाला घेऊन येते. अब्बांना सांग, ते काय बोलले ते मी अजून ऐकलेलं नाही. स्टँडवर सगळ्यांसमोर पुन्हा म्हणावं लागेल.

भेटीच्या ओढीत,
नाहीद