डावरी गाठ

प्रिय बारक्या,

चाळिशी गाठलेल्या माणसाला बारक्या म्हणू नये हे मला कळतं. तिकडे तुला लोक मिस्त्री म्हणत असतील, बसचं इंजिन बिघडलं की अदबीनं बोलवायला येत असतील. पण या घरात तू बारक्याच आहेस, त्याला इलाज नाही. तुझं मागचं पत्र येऊन पाच महिने झाले. नेहमीसारखं त्यात सगळं होतं, मुलीची वाढलेली उंची, तुझा गुडघा, तिकडची कोरडी हवा. आणि नेहमीसारखी शेवटी ती एक ओळ, कालव्यात पाणी किती आहे? एकवीस वर्षं तू हेच विचारतोस. बाबा कसे आहेत हे विचारायचं असतं तेव्हा तू पाण्याचं विचारतोस, एवढं न कळायला मी काय दूधखुळी आहे? पण मीही लबाड. दर वेळी 'आहे गुडघाभर' एवढं लिहून मोकळी होते. या वेळी सविस्तर लिहिते, कारण कालव्यात आता दोन पुरुष पाणी आहे आणि बाबांबद्दलही सांगण्यासारखं बरंच साठलंय.

आपल्या कालव्याचा गाळ काढला. खरंच काढला. तू गेलास तेव्हा भरतीला मागच्या पायऱ्या बुडायच्या, आठवतं ना? नंतर दर वर्षी एक एक पायरी उघडी पडत गेली. शेवटी शेवटी तर ओहोटीला सगळ्यांच्या होड्या आपापल्या घरामागे चिखलात कुशीवर पडलेल्या असायच्या आणि बगळे थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत यायचे. टपालाची होडी मोठ्या कालव्यातच थांबायची. मग पत्रं रस्त्याकडच्या दारानं यायला लागली, सायकलवरून. बाबांना ते अजिबात पटलं नाही. ज्या माणसानं स्वतःच्या हातानं बांधलेल्या होडीतून तेहेतीस वर्षं त्रेचाळीस घरांच्या मागच्या दारांत टपाल दिलं, त्याला पुढच्या दारातून आलेलं पत्र म्हणजे परक्याच्या घरातून आल्यासारखं वाटायचं. ते उघडायच्या आधी पाकीट थोडा वेळ मागच्या पायरीवर नेऊन ठेवायचे. मी हसायचे. आता हसू येत नाही.

गाळ उपसणारा ड्रेजर आला तो एका सकाळी, धुक्यातून, भरतीबरोबर. पिवळा, चपटा, वर पत्र्याची खोली, आणि मागे तरंगत आलेला लांबच लांब पाइप. आधी आठवडाभर सगळ्यांनी होड्या हलवल्या, खुंट उपटले, दोर गोळा केले. इतका मोकळा कालवा मी जन्मात पाहिला नव्हता. काम फक्त भरतीच्या तासांत चालायचं, कारण ओहोटीला ड्रेजर स्वतःच बसकण मारायचा. तेवढे तास एकच संथ घरघर. पहिले दोन दिवस सगळे वैतागले, तिसऱ्या दिवसापासून सगळा कालवा त्या आवाजावर दुपारचा झोपायला लागला. छतावर पाण्याचं ऊन हलायचं, भांडी मांडणीवर बारीक किणकिणायची, आणि जागी आहे की झोपले आहे हेच मला समजायचं नाही. एकदा वाटलं, आई मागच्या दारात बसून केस वाळवते आहे. उठून बघितलं तर पडदा होता.

ड्रेजरवर जो मुख्य माणूस होता त्याला सगळे गाळमास्तर म्हणायचे. अंगानं आडवा, आवाजानं मात्र अगदी मऊ. त्याची एक पद्धत होती. पाइपाच्या तोंडाशी मोठी जाळी. गाळ जाळीतून पुढे जायचा, वस्तू अडकायच्या. संध्याकाळी काम थांबलं की तो त्या वस्तू पिंपात बुचकळून धुवायचा आणि धक्क्यावर ताडपत्री पसरून ओळीनं मांडायचा. ज्याची असेल त्यानं न्यावी, कुणी कुणाला काही विचारायचं नाही, असा त्याचा नियम. नियम चांगला होता, पण आपली माणसं! पहिल्याच दिवशी पलीकडच्या काकूंची कवळी निघाली. तीच, जी नवऱ्यावर ओरडताना पडली होती आणि मांजरानं पळवली असं त्यांनी पंधरा वर्षं सांगितलं. काकूंनी ती रुमालात गुंडाळली आणि ताठ मानेनं घरी गेल्या. मग निघाल्या चहाच्या किटल्या, चष्मे, एक बासरी, कुणाच्या तरी लग्नातली नाव कोरलेली ताटली. कडेच्या घरातल्या शिंप्याचं ते इस्त्रीचं लोखंडी धूड, ज्याच्या चोरीचा आळ त्यानं भाच्यावर घेतला होता, तेही निघालं. शिंप्यानं ते छातीशी धरून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी भाच्याकडे गेला म्हणतात.

बाबा रोज संध्याकाळी ताडपत्रीवर हजर. त्यांचे डोळे आता जवळजवळ गेलेत, बारक्या. उजेड कळतो, माणूस कळत नाही. पण बोटं शाबूत आहेत. काठी टेकत टेकत ते एकेका वस्तूशी उकिडवे बसायचे, हात फिरवायचे, आणि ही अमक्याच्या घरची किटली, हिची चोच वाकडी होती, असं बिनचूक सांगायचे. त्रेचाळीस मागची दारं पाठ असलेला माणूस तो. मी शेजारी उभी असायचे. चहाला जाऊ या, गारठा आहे, असलं काहीतरी बोलून मी त्यांना लवकर उठवायला बघायचे.

आता तुला वाटेल, गाळ काढायला इतकी वर्षं का लागली. बाकीचे कालवे दहा वर्षांपूर्वीच मोकळे झाले. तर समितीचा नियम असा की कालव्यावरच्या प्रत्येक घराची सही हवी. बेचाळीस घरांच्या सह्या होत्या, आपली नव्हती. सगळे म्हणायचे, म्हातारा हट्टी आहे, होडी गेली तेव्हापासून पाण्यावर रुसलाय. मी मूग गिळून बसायचे. खरं असं की बाबांनी तो कागद कधी बघितलाच नव्हता. समितीचा माणूस तो माझ्या हातात द्यायचा, मी पिठाच्या डब्याखाली सारायचे, आणि पुढच्या खेपेला सांगायचे की बाबा नको म्हणतात. तीन वेळा मी असं केलं. शेवटी यंदा काकूंची होडी चिखलात रुतली, त्या गुडघाभर गाळातून चालत थेट आपल्या पायरीवर आल्या आणि बाबांना तोंडावर म्हणाल्या की तुमच्या एका सहीपायी सगळ्यांचे हाल चाललेत. बाबांनी माझ्या दिशेला मान वळवून पेन मागितलं. सही करताना त्यांचं बोट मीच रेघेवर टेकवलं.

त्या होडीवरून तू आणि बाबा एकवीस वर्षं बोललेला नाहीत. त्या दिवसाचा क्रम तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. दुपारी बाराला बाबांच्या बदली टपाल वाटून तू होडी घरामागे आणलीस, बांधलीस आणि झोपलास. दिवेलागणीला होडी नव्हती. भिंतीतला आकडा रिकामा होता. दोराचा फासा त्या आकड्यावर नसल्यामुळे बाबांनी एकच अर्थ काढला, की पोरानं दोर होडीला बांधला पण फासा आकड्यात अडकवायलाच विसरला. तू शपथेवर सांगत होतास की अडकवला होता, वर दोन वाव, म्हणजे चांगली आठ हात, ढील सोडली होती. दोन दिवसांनी समुद्राच्या तोंडाशी फळ्या सापडल्या, होडीचं पुढचं नाकाड तर सापडलंच नाही. तेव्हा बाबा ओरडलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "ज्याला होडी बांधता येत नाही, त्यानं पाण्यावर राहू नये." तू एकोणीस वर्षांचा होतास. तू त्यांचं शब्दशः ऐकलंस आणि अशा गावी गेलास जिथे विहिरीसुद्धा आटतात. बाबा टपालकचेरीत टेबलावर बसून शिक्के मारू लागले. त्या दिवसापासून त्यांनी तुझं नाव काढलं नाही. पण कुणी दुसऱ्यानं तुझ्याबद्दल वाकडं बोललेलं त्यांना चालायचं नाही, हेही मी पाहिलंय.

आता एक गोष्ट सांगते, जी तुला ठाऊक नाही. आई गेल्यावर घर माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी चोवीस वर्षांची. सकाळी पाचपासून रात्रीपर्यंत माझं असं काही नव्हतं. फक्त दुपारी, तुम्ही दोघं घोरायला लागलात की एक तास. त्या तासात मी होडी सोडायचे. कुठे जायचे नाही रे. कालव्याच्या मध्यावर जाऊन वल्ही आत घ्यायचे आणि तळाशी उताणी पडायचे. कडा वर आल्या की घरं दिसत नाहीत, फक्त आभाळ दिसतं, आणि पाणी पाठीखालून अंगाला हळूहळू हलवतं. भरती संपता संपता सगळं अगदी थांबतं. त्या तासात मी कुणाचीच ताई नव्हते, कुणाचीच मुलगी नव्हते. कुणाला भेटायला जात असते तर सांगायला तरी काही असतं. नुसतं पडून राहण्यासाठी टपालाची होडी नेते, हे कुणाला आणि कुठल्या तोंडानं सांगणार?

त्या दिवशी मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा बाबांच्या चहाची वेळ झालेली. धावतपळत होडी आणली, पाणी अगदी वरच्या पायरीला टेकलेलं, होडी जोत्याच्या बरोबरीनं. दोर ओढला आणि होडीच्या नाकाच्या कडीला घाईघाईनं घट्ट बांधला, ढील न सोडता. पाण्यावरच्या घरात जन्मलेल्या बाईनं, बारक्या! भरतीला घट्ट बांधलेली होडी ओहोटीला लटकते, हे इथल्या चार वर्षांच्या पोरालाही सांगावं लागत नाही. दिवेलागणीला मी फडकी धुवायला खाली गेले. दोर भिंतीवरून सरळ खाली लोंबत होता आणि त्याच्या टोकाला नुसती लोखंडी कडी. नाक लटकलं, मागून पाणी भरलं, वजनानं कडी उपटून निघाली आणि होडी ओहोटीबरोबर गेली. मी किती वेळ बघत राहिले माहीत नाही. मग हात वर केला, फासा आकड्यावरून उचलला आणि सगळं पाण्यात सोडून दिलं. आवाजसुद्धा झाला नाही.

नऊ दिवस आपल्या घरचं काही निघालं नाही. दहाव्या संध्याकाळी बाबा ताडपत्रीच्या शेवटच्या टोकाला बसले होते. त्यांच्या हातात धुऊनही न सुटलेला चिखलाचा गोळा आला, त्यातून निळ्या नायलॉनचा दोर बाहेर आलेला. नायलॉन कुजत नाही, मेलं. त्यांनी कडी चाचपली, ती त्यांनीच लोहाराकडून घडवून घेतलेली. दुसऱ्या टोकाचा फासा चाचपला, अखंड. मग कडी आणि फासा यांच्यामधलं अंतर हातानं मोजलं, जेमतेम एक हात. सगळ्यात शेवटी अंगठा गाठीवर गेला आणि तिथेच थांबला. तुझं मला चिडवणं आठवतं ना, डावरी, डावरी, चहासुद्धा उलटा ढवळते म्हणून? बाबांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी गाठ शिकवली होती. तुझी त्यांच्यासारखी पडायची, माझी आरशातल्यासारखी. "ही तर डावरी गाठ," ते म्हणाले. गाळमास्तरनं नियमाप्रमाणे काही विचारलं नाही. बाबांनी गोळा कोटाच्या खिशात घातला आणि माझा हात धरून घरी आले. हात सोडला नाही, हे मला अजून सोसत नाही.

तिसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तू लिहितेस की मी लिहू?" मी म्हटलं, मी लिहिते. म्हणून हे पत्र. माफी मागायला नाही, एकवीस वर्षांची माफी कुठल्या तोंडानं मागू? मागितली तरी तू देऊ नकोस इतक्यात. तुझ्या मुलीनं आजोबा पाहिले नाहीत, आजोबांना आता तिचा चेहरा दिसणार नाही, हे माझ्यामुळे. ये किंवा येऊ नकोस, ते तुझ्यावर. पण टपालाची होडी पुन्हा मागच्या दाराशी येऊ लागली आहे, हे पत्र मी तिच्यातच टाकणार आहे. बाबांनी आकड्याला नवा दोर लावलाय आणि रोज भरतीला पायरीवर बसून हातानं मोजून बघतात, दोन वाव ढील पुरते की नाही. त्यांनी तुला एक निरोप सांगितलाय, तो जसाच्या तसा लिहिते. "त्याला सांग, होडी त्यानं नीट बांधली होती."

तुझीच,
डावरी ताई