ठकीचं पत्र, तपासण्यासाठी

८ जानेवारी

चि. मास्तरीणबाईस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

सोबत ठकीला लिहिलेलं इंग्रजी पत्र आहे. हसू नकोस. मुलगा गेल्याला तीन वर्षं झाली. सूनबाईने तिकडे परदेशात दुसरं घर मांडलं, चांगलं केलं, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. पण नात आठ वर्षांची झाली आणि मराठी पार विसरली, असं तू सांगितलंस, तेव्हा ठरवलं की आता आपणच तिच्या भाषेत जावं. मी कारखान्यातला सातवी पास टर्नर. माझं इंग्रजी लेथ मशीनवरच्या पाटीपुरतं. 'डेंजर' आणि 'ऑफ' एवढ्यावर नातीला पत्र होत नाही.

पत्रात तिच्याकडे मागणं एवढंच आहे की रविवारी चार ते पाच मी फोनपाशी असतो, एकदा फोन कर. तिचा आवाज ऐकून दोन वर्षं झाली. नुसतं हॅलो म्हणाली तरी पुरे. सूनबाईचा नवा पत्ता तुझ्याकडेच आहे, तेव्हा तपासून तूच पेटीत टाक. फोनवर चुका दाखवता येत नाहीत, म्हणून हा कागदाचा खटाटोप. लाल शाई जपून वापर.

माया आहे तशीच असू दे.
तुझा,
दादा

१७ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

निवृत्त होऊन बारा वर्षं झाली आणि सगळ्यात ढ विद्यार्थी आता नशिबी आला! तू लिहिलंस, 'बिट्वीन फोर टू फाइव्ह'. अशी सोयरीक जुळत नाही. बिट्वीन आलं की सोबत अँड येतो, फ्रॉम आलं की टू. जोड्या ठरलेल्या आहेत. अर्थही वेगळे. फ्रॉम फोर टू फाइव्ह म्हणजे अख्खा तास, बिट्वीन फोर अँड फाइव्ह म्हणजे त्या तासात केव्हातरी. तू बसणार फ्रॉम आणि फोन येणार बिट्वीन. दोन्ही वाक्यं नीट लिहून पुन्हा पाठव.

मीच दुरुस्त करून टाकलं असतं, पण अक्षर तुझं हवं. घाई करू नकोस. गुडघ्याला तेल लावतोस की नुसती बाटली बघतोस?

आशीर्वाद कमी पडू देऊ नकोस.
तुझी,
धाकटी

४ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाईस,
अ. आ. वि. वि.

मधे एकदा सुधारून पाठवलं, तेही तू परत केलंस. हा तिसरा मसुदा. माल इतक्यांदा रिजेक्ट झाला असता तर कारखान्याने मला घरी बसवलं असतं.

गेल्या रविवारी चार ते पाच बसून पाहिलं, तालीम म्हणून. खुर्चीपासून फोन चार पावलं लांब पडतो, गुडघा वेळेवर उठत नाही, म्हणून टेबलच ओढून घेतलं. साडेचारला घंटी वाजली. शेजारी विचारत होता, पाणी आलंय का. बिचाऱ्यावर उगाच खेकसलो.

या वेळी एक वाक्य वाढवलं आहे. 'तुझा बाबा एक वर्षाचा होता तेव्हापासून सात वर्षांचा होईपर्यंत रोज माझ्या खांद्यावर बसून कारखान्याच्या फाटकापर्यंत यायचा.' ते फ्रॉम वन टू सेव्हन असं घातलं आहे. एवढं तिला कुणी सांगितलं नसेल. आता टाक बाई एकदाचं.

तुझा,
दादा

१९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र टाकलेलं नाही. 'फ्रॉम वन टू सेव्हन' चूक आहे. वयाला बिट्वीनच लागतं. वाक्य बदलून पुन्हा सगळं स्वच्छ लिही. मला जरा बरं नाही, उत्तराला उशीर झाला तर काळजी करू नकोस.

तुझी,
धाकटी

६ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

वाचनालयातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, वयाला दोन्ही चालतं, आणि पोरगा रोज बसत असेल तर फ्रॉमच बरं. तू चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलंस. तुला हे ठाऊक नाही, असं मी मानणार नाही. माप बरोबर असूनही तपासनीस माल परत पाठवायला लागला, की आम्ही समजायचो, घोडं मालात अडलेलं नाही.

काय ते सांग. पोर बरी आहे ना? तेवढं आधी कळव, बाकीचं सावकाश.

दादा

११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

ठकी बरी आहे. शाळेत जाते, पोहायला शिकली आहे.

सूनबाईचं पत्र डिसेंबरातच आलं होतं, तुझ्या पहिल्या पत्राच्या आधी. ठकी आता नव्या माणसाला बाबा म्हणते. त्यांनी तिला दत्तक घेतलं आहे. आपल्याकडून फोन गेला की पोर पुढे आठ-आठ दिवस धड जेवायची नाही, अंथरूण ओलं करायची. म्हणून सूनबाईने फोन बंद केले. 'ठकी अठरा वर्षांची झाली की मी स्वतः तिला सगळं सांगेन, तोवर कुणी काही पाठवू नका,' असं तिने हात जोडून लिहिलं आहे.

तुला सांगायला बसले आणि तेवढ्यात तुझं पाकीट आलं. दादा, माझा धीर झाला नाही. पत्रात चूक आहे तोवर ते टाकायला नको, आणि टाकलं नाही तोवर तुला 'नाही' ऐकायला नको, असं मनाशी धरलं. खऱ्या चुका संपल्यावर खोट्या काढल्या. उभ्या जन्मात कुणा पोराच्या बरोबर उत्तरावर फुली मारली नव्हती, ती तुझ्यावर मारली. तू टेबल ओढून बसलास, हे वाचून मी ओट्यापाशी उभी राहून रडले.

हव्या तेवढ्या शिव्या दे. बोलणं मात्र टाकू नकोस.
धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

तीन आठवडे लिहिलं नाही. रागावलो होतो. आता तुझ्यावर राग नाही, आणि सूनबाईवर तर नाहीच. पोर जेवत नसेल तर आईने दार लावून घ्यायचंच असतं. पण आत काहीतरी तुटलं आहे, ते तुझ्यापासून कशाला लपवू? मुलगा गेला तेव्हा चार माणसं येऊन बसली होती. जिवंत नातीसाठी रडणाऱ्या म्हाताऱ्याकडे कोण येऊन बसणार?

ती आठ वर्षांची, मी चौऱ्याहत्तरचा. ती अठराची होईल तेव्हा मी चौऱ्याऐंशीचा असेन. डॉक्टरकडे गेलो, म्हटलं, दहा वर्षं काढून द्या. तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्याने खुर्ची पुढे घेऊन नीट तपासलं. मीठ कमी केलं आहे, विडी सोडली आहे, सकाळी चौकापर्यंत चालतो. पण झिजलेलं बेअरिंग तेलपाणी करून किती फिरतं, हे मला या डॉक्टर लोकांपेक्षा जास्त कळतं.

सोबत चौथा मसुदा आहे. फोनची वेळ काढून टाकली. दहा वर्षांनी हा नंबर कुणाचा असेल, कोण जाणे. बाबाचं खांद्यावर बसणं तेवढं ठेवलं आहे. हे तुझ्या कपाटात ठेव. तू माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेस. ठकी अठराची झाली की, मी असलो तर मागून घेईन. नसलो तर तू टाक. शेवटी लिहिलं आहे की आजोबा तुझी वाट बघत आहेत. मी नसलो तरी ते तसंच जाऊ दे.

तुझा,
दादा