हयात की मयत

१८ जून १९५३, गुरुवार
शहरातल्या बायकांच्या उद्योगमंदिरात हिशेबनीस हवी आहे. आजवर त्या जागेवर पुरुषच घेत. यंदा नवा नियम, जागा बाईलाच. मॅट्रिक पाहिजे. मी आहे. अंबाबाईला खण बोलले. जागा मिळाल्यावर. तोवर हळदकुंकू.

२० जून, शनिवार
अर्ज आणला. कलम चौथे: उमेदवार कुमारिका किंवा विधवा असावी. सवाष्णीला नवरा पोसतो, म्हणे. खाली रकाना, पती हयात / मयत.
हे गगनबावड्याला चार दिवस जाऊन येतो म्हणून गेले, त्याला या ज्येष्ठात सात वर्षं झाली. एक चिठ्ठी नाही. शिवण करून भागवते. काय लिहू?

२२ जून, सोम.
शेजारच्या अक्काला अर्ज वाचून दाखवला. म्हणाली, "लिही की मेला म्हणून! जित्ता आसंल तर ईल की भांडायला."
रागावले. मग दोघीही हसलो. तिची माणसं जेवायला खोळंबली होती, ती गेली. माझं हसू कितीतरी वेळ तसंच तोंडावर.

२४ जून, बुध.
भाऊजी आले होते. यांचे धाकटे भाऊ, कोर्टात कारकून. "वहिनी, सात वर्षं खबर नाही म्हणजे कायद्यानं मयत धरतात. प्रतिज्ञापत्र करू, एक सही तुमची."
देवळातल्या भटजींना विचारलं. ते म्हणाले बारा वर्षं. मग दर्भाचा पुतळा करून क्रिया.
मधली पाच वर्षं मी कोण?

२७ जून, शनि. वटपौर्णिमा
उपास. सूत गुंडाळताना फेरे चुकले. दरवर्षी यांना आयुष्य मागते, आज तोंडातून शब्द निघेना.
घरी येऊन रकान्यात लिहिलं, 'ठाऊक नाही'. सोबत विनंतीअर्ज: कलम चारमध्ये 'नवऱ्याचा ठावठिकाणा नसलेली' हे शब्द घालावेत.

३० जून, मंगळ.
उद्योगमंदिराच्या चिटणीसबाईंनी अर्ज दोनदा वाचला. "कलम मीच लिहिलंय. विधवांना कुणी दारात उभं करीत नव्हतं, म्हणून. तुमच्यासारखीची आठवण झाली नाही हो." बोलताना नजर माझ्या कुंकवावर. शनिवारी समितीपुढे ठेवतील.

४ जुलै, शनि.
बाकावर आणखी एकजण, विधवा, मांडीवर मूल. तीही याच जागेसाठी. सरकून मला जागा दिली. "बसा की, बाई."
आत समितीच्या तिघी. हिशेब घातला तो बरोबर आला. मग एकीनं विचारलं, "समजा, उद्या यजमान परत आले. नोकरी सोडाल?"
"नाही."
विचार करायच्या आत बोलले. तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. चिटणीसबाईंनी ते लिहून घेतलं. कलम बदलायचं की नाही, बुधवारी कळवतील.
बाहेर ती बाई मुलाला थोपटत अजून बसलेली. तिच्याकडे न बघताच निघाले.
वाटभर एकच, सोडणार नाही म्हणाले मी. घराच्या दाराला कुलूप तसंच होतं. सात वर्षांत पहिल्यांदा ते बघून हायसं वाटलं.