वीतभर माती

प्रिय दादा,

त्या सकाळी हॉस्पिटलातून आलो तेव्हा घरात न जाता मी आधी खालच्या शेतात गेलो. हिला आणखी काही दिवस ठेवून घेणार होते, मी नुसते कपडे न्यायला आलो होतो. नेहमीसारख्या चपला बांधावर काढल्या, हात जोडले आणि पाय खाली टाकला. पाय टेकलाच नाही. इतक्या वर्षांत त्या बांधावरून उतरताना मी कधी खाली बघितलं नव्हतं, जमीन कुठे आहे ते पायाला पाठ होतं. त्या दिवशी ती वीतभर खाली गेली होती. तोल जाऊन मी दोन्ही हातांवर पडलो. आधी वाटलं, जागरणाच्या गुंगीत भलत्याच शेतात शिरलो. मग ओळखीचं झाड दिसलं, पाटाचं दार दिसलं, आणि ट्रॉलीच्या चाकांचे या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेले पट्टे दिसले. वरची काळी माती कुणीतरी साय काढावी तशी काढून नेली होती. खाली राहिली होती पिवळी, घट्ट माती. मी एक ढेकूळ नाकाशी धरलं. त्याला वासच नव्हता.

घरी जाऊन कपडे पिशवीत भरले आणि परत हॉस्पिटलात जाऊन हिच्या उशाशी बसलो. हिला काही सांगितलं नाही. मलाच अजून काही माहीत नव्हतं. चोरी झाली असं धरून चाललो होतो. पोलिसांत जावं की आधी तुला कळवावं, एवढाच विचार करत होतो. थोरला भाऊ आहे, तो बघेल काय ते, असं मनात येऊन थोडं हलकंही वाटलं होतं बघ.

ते शेत मी पेटवायचं का सोडलं, ते तुला आठवत असेल. गहू निघाला की उरलेलं काड पेटवून द्यायचं, हे आपण अण्णांपासून करत आलो. पण धुराने हिची छाती भरून यायची. एका वर्षी धाप लागून ही उंबऱ्यातच बसली, तेव्हा ठरवलं की आपल्या शेतातून तरी धूर निघणार नाही. सगळं काड नांगरून मातीत गाडलं आणि त्यावर मका पेरला. तो मका वीतभर झाला आणि पिवळा पडला. तू बांधावर उभा राहून म्हणालास, "धाकट्या, शेत आहे का गादी? एवढं काड भरून झोपायचंय का त्यात?" चहाच्या टपरीवर तू माझं नाव कावीळवाला ठेवलंस. लोक अजून त्याच नावाने हाक मारतात. मीही ओ देतो.

तेव्हा माती तपासायच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या मॅडमनी बसवून घेतलं आणि समजावून सांगितलं. मातीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. काड म्हणजे त्यांना नुसतं कोरडं खाणं, त्यात नत्र जवळजवळ नाहीच. ते पचवायला त्यांना नत्र लागतं, आणि ते त्यांना मातीतूनच ओढून घ्यावं लागतं. मुळांच्या आधी ते हात मारतात आणि पीक उपाशी राहतं. मी विचारलं, मग मी जमिनीचं वाटोळं केलं का? त्या हसल्या. म्हणाल्या, "काका, चोरलं नाहीये हो त्यांनी, उचललंय. काड संपलं की ते जीव मरतात आणि घेतलेलं मातीला परत मिळतं. तुम्ही फक्त घाई करू नका. आणि पुढच्या वेळी काडाबरोबर शेंगांचं कोवळं हिरवं पीक गाडा, म्हणजे त्यांना तुमच्या मक्याच्या तोंडचं काढून घ्यावं लागणार नाही."

मी शिकलो गावच्या शाळेत, तेही सातवीपर्यंत. पण त्यांचं बोलणं मला पूजेला बसल्यावर आठवायला लागलं. आपण ज्याला हात जोडतो तोही दिसत नाही, आणि हेही दिसत नाहीत. दोघांवर भरवसा टाकून थांबायचं. मी थांबलो. पुढच्या वर्षी काडाबरोबर हिरवं गाडलं. मका सावरला. नंतर गांडुळं आली, नांगर हलका चालायला लागला. पाणी दिलं की पूर्वी वरून वाहून जायचं, ते आता मुरायला लागलं. माती मुठीत धरली की गोळा व्हायचा आणि बोट लावलं की मोकळी व्हायची. हीसुद्धा संध्याकाळी बांधावर येऊन बसायला लागली. म्हणायची, इथे बसलं की श्वास पुरतो.

तू तोवर मुलाकडे शहरात राहायला गेला होतास. अधूनमधून यायचास, विहिरीवर हातपाय धुवायचास आणि जायचास. तुझ्याबरोबर तो नर्सरीवाला आला होता, तेव्हा मी त्याला स्वतः शेतात फिरवलं. त्याने माती चुरून बघितली, वास घेतला आणि तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं कौतुक करतोय. मी त्याला घरी नेऊन चहा पाजला.

चोर कोण ते मला वहिनीकडून कळलं, तेही तिच्या भोळेपणाने. हिची तब्येत विचारायला तिचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, "भाऊजी, काय माती आहे हो तुमची! यांनी दोन पोती गॅलरीसाठी ठेवून घेतली. गुलाबाला बघा कशी फूट आलीय." मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभा होतो. खाली येणाऱ्या लोकांना वाट द्यायचंही मला सुचलं नाही.

मग तुझ्याशी बोलणं झालं. तू ओशाळला असतास तर मी काय केलं असतं कोण जाणे, बहुतेक मीच तुझी समजूत घातली असती. पण तू म्हणालास, "अरे, मातीच तर आहे. सोनं नेल्यासारखा काय करतोस?" मग म्हणालास, "तो नर्सरीवाला म्हणाला अशी माती कुठे बघितली नाही. तुला अभिमान वाटायला हवा." आणि वर, "तूच सांगायचास ना, काड घातलं की माती तयार होते? मग घाल की परत." यावर तू हसलास. हिच्या दवाखान्याच्या धावपळीत माती विकण्याआधी मला विचारायचं राहून गेलं, असंही म्हणालास. दादा, ही दवाखान्यात होती म्हणूनच तुला सवड मिळाली. हिला कळलं तेव्हा ही एवढंच म्हणाली, "मी आजारी पडले नसते तर शेत राहिलं असतं." ते वाक्य मी हिच्या डोक्यातून काढू शकलेलो नाही. ते तुझ्या नावावर आहे.

मॅडमचं बोलणं मी त्यानंतर पुष्कळ वेळा तुला लावून बघितलं. लहानपणापासून तू आधी हात मारलास. ताटातलं, अण्णांची सायकल, शहरातली शाळा. मी उपाशी राहिलो असं म्हणत नाही, पण पिवळा पडलो. आणि मनाशी म्हणत राहिलो, चोरलेलं नाही, उचललेलं आहे, कधीतरी परत मिळेल. मातीतले जीव मरून का होईना, घेतलेलं परत देतात. तुझी मी पन्नाशीपर्यंत वाट बघितली.

गेल्या महिन्यात तू वाटणीचे कागद पाठवलेस. अण्णांनी घालून दिलेली रीत तू पाळलीस, थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. एका वाट्याला विहीर आणि वरचं काळं शेत, दुसऱ्याला खरवडलेलं खालचं शेत. डोळे मिटूनसुद्धा चूक होऊ नये असे वाटे केलेस. वर वहिनीकडून निरोप, "यांनी सांगितलंय, विहिरीकडचं घ्या आणि झालं गेलं विसरा." ते कागद मी देवापुढे ठेवले होते. रोज सकाळी दिवा लावताना दिसायचे. ही एकदाच म्हणाली, विहीर म्हणजे विहीर असते. ते खरंच आहे.

आज सकाळी वकिलांकडे जाऊन आलो. तुझी सही होतीच, माझ्या वाट्याची जागा कोरी होती. मी खालचं शेत उचललं. वकिलांना वाटलं माझी चूक झाली, त्यांनी नकाशावर बोट ठेवून पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं आणि सही केली. विहीर तुझी, वरचं शेत तुझं. हे मी पुण्य म्हणून केलं असं समजू नकोस, देवालाही मी तसं सांगितलेलं नाही. विहीर घेतली असती तर तू सुटला असतास. तुला मोकळं करायचं नव्हतं, म्हणून घेतली नाही. घरी येताना शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं काड खालच्या शेतात पसरून टाकलं, उद्या नांगरेन. तूच सांगितलं होतंस, घाल की परत म्हणून. यंदा मका पिवळा पडेल. तो बघायला येऊ नकोस. हे कळवायलाच पत्र लिहिलं. तो हिरवा होईल त्या वर्षीही येऊ नकोस.

वहिनीला नमस्कार. गुलाबाला पाणी घालत जा म्हणावं, ती माती पाणी धरून ठेवते.

तुझा पाठचा,
कावीळवाला