बाबांइतकं वजन

ती. ताईस,

नमस्कार. मी ठणठणीत आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

ऑफिसखालच्या जिममध्ये जाते म्हटल्यावर तू फोनवर हसलीस. हस! पण माझं डोकं पार चक्रावलंय. पँट कमरेत ढगळ होतेय, शर्ट खांद्यांत उसवतोय आणि काटा मात्र जागचा हलत नाही. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, "चरबी उतरतेय, स्नायू भरतायत. काट्याकडे बघू नका, आणि उपाशी तर मुळीच राहू नका. अंडी, डाळी पोटभर खा." बारीक व्हायचं तर खायचं? आपण आजवर उलटंच ऐकलं की गं!

काल त्यांनी विचारलं, "एवढ्या जिद्दीने करताय, घरात लग्नबिग्न आहे का?" मी सरळ हो म्हटलं. मागच्या खेपेला बाबांना पलंगावरून खुर्चीत घेताना माझे हात लटपटले आणि तू एकटीने त्यांना सावरलंस, हे परक्या माणसाला काय सांगू? तुझी पाठ कशी आहे? खरं सांग.

आता बाबांइतकं वजन मी जमिनीवरून उचलते. हेच सांगायला पत्र लिहायला बसणार, तोच तुझं आलं, की बाबांचं वजन आणखी उतरलं. इथे जिममध्ये कुणाचं उतरलं की सगळे टाळ्या वाजवतात.

जेवतात ना गं ते? त्यांना म्हणावं, धाकटी येतेय. तिला उचलायला जड जाईल, एवढं जेवा.

तुझी,
धाकटी